निम्मी नीज

भर हिवाळ्यात हिमालय चढायचा म्हणजे यमाच्या ओसरीवर जाऊन बसायचं, असं जुने लोक म्हणायचे. आता शाळांच्या सहलीसुद्धा जानेवारीत निघतात. ही सगळी हिमनीजेची कृपा. गारठून जीव जायची वेळ आली की मांडीत सुई टोचायची आणि खुशाल झोपून जायचं. अंग थंड पडतं, काळजाचे ठोके मिनिटाला दोन-तीनवर येतात, आणि माणूस बर्फाखाली चार महिने टिकतो. एप्रिलात पथकं जाऊन अशा झोपलेल्यांना गोळा करून आणतात. त्याला 'वेचणी' म्हणतात, जसा काही शेतातला कापूसच. वेचणी आली आणि हिवाळ्यातली धावाधाव संपली. झोपलेला माणूस कुठं पळून जातोय, मग वादळात जीव कोण धोक्यात घालणार?

ही हिमनीज जिनं शोधली ती डॉ. उल्का लिमये त्या दिवशी धाकट्या भावाला, परागला घेऊन खिंडीची वाट चढत होती. पराग सांगलीत मंगल कार्यालय चालवायचा. शरीर पंगतीत वाढल्यासारखं, पण डोंगर म्हटला की गडी कायम पुढे. वारा तोंडावर बर्फाचा चुरा फेकत होता. पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते.

एका कपारीत दोघं दम खायला टेकली.

"ताई, खरं सांग," पराग म्हणाला, "या सुईत असतं तरी काय?"

"इथं मार्मोट नावाचा प्राणी असतो. खारीच्या जातीतला, पण मांजराएवढा जाडजूड. थंडी वाढली की त्याच्या रक्तात एक द्रव्य तयार होतं. ते पेशींना सांगतं, दुकानाच्या फळ्या लावा. प्राणवायू कमी घ्या, साखर पुरवून वापरा. म्हणून तो अर्धं वर्ष बिळात पडून राहतो. तेच द्रव्य आम्ही माणसाला मानवेल असं केलं."

"आमच्या व्याह्यांना मुळातच मानवलेलं आहे ते. जेवले की संध्याकाळपर्यंत हलत नाहीत." पराग स्वतःच हसला. मग म्हणाला, "पण मनाचं काय गं? तेही झोपतं?"

"झोपतं," उल्का म्हणाली. तिनं विषय वाढवला नाही. "चिक्की काढ."

परागनं चिक्की मोडली आणि दोन्ही तुकडे शेजारी धरून सारखे आहेत ना ते पाहिलं. सांगलीच्या त्यांच्या डोंगरवेड्या टोळीचा तो शिरस्ताच होता. एका दोरीला बांधलेल्या दोघांनी सगळं निम्मं निम्मं करायचं, पाण्याचा शेवटचा घोटसुद्धा. पराग तर एकच शेंगदाणा उरला तरी त्याच्या दोन पाकळ्या करायचा.

कपारीतून निघाली आणि थोड्याच वेळात उल्काच्या पायाखालचा बर्फ सुटला. ती घसरत खाली गेली. दोरी ताणली तसं परागनं पाठीवरची सॅक टाकून दिली, बर्फात कुऱ्हाड रोवली आणि तिला थोपवलं. सॅक मात्र दरीत गेली, आणि आत ठेवलेली त्याची सुईही. उल्काचा पाय मोडला होता. परागनं तिला एका खडकाआड ओढून नेलं, मदतीच्या यंत्राचं बटण दाबलं, आणि बराच वेळ तिचे हात चोळत बसला. तिला आता थंडी वाजायचीही थांबली होती. जीभ जड झाली होती.

शेवटी त्यानं तिच्या खिशातली सुई काढली.

उल्काला ती सुई त्याला द्यायची होती, सगळीच्या सगळी. तिनं नको म्हणून मान हलवली.

"गप गं," तो म्हणाला. "आपल्यात कधी एकट्यानं खाल्लंय का कुणी?"

तो काय करणार ते तिला कळलं. सुईच्या नळीत एकामागे एक दोन कप्पे होते. पुढच्यात मार्मोटचं द्रव्य, जे शरीर राखतं. मागच्यात मन झोपवणारं औषध. पहिल्या चाचणीत हे दुसरं औषध नव्हतं. त्या वेळी एका माणसाचं शरीर नऊ आठवडे झोपलं आणि तो आत टक्क जागा राहिला. उठल्यावर तो कुणाशी बोललाच नाही. ती गोष्ट बाहेर गेली नाही, दुसरा कप्पा तेवढा जोडला गेला. वाकलेली सुई, उशीर, दुप्पट मात्रा, माणसाच्या सगळ्या चुका प्रयोगशाळेत गृहीत धरल्या होत्या. जीव वाचवणारं औषध कुणी वाटून घेईल, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सांगलीच्या उल्काच्यासुद्धा.

परागनं नळी नखानं मापली, बरोबर निम्मी तिच्या मांडीत रिकामी केली आणि उरलेली स्वतःला टोचली.

"झालं, निम्मं निम्मं." तो तिला बिलगून आडवा झाला. "एप्रिलात लग्नाचा हॉल दिलाय. त्याच्या आत वेचलं म्हणजे मिळवलं."

आणि तो झोपला. गाढ, अगदी समाधानानं.

उल्काचं अंग दगड झालं. मन मात्र लख्ख होतं. परागला नुसता मागचा कप्पा मिळाला होता; त्याच्या पेशींना कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्याचं साधं, उबदार शरीर साध्या माणसासारखं गोठणार होतं. पण अजून वेळ होता. आत्ता कुणी त्याला उचलून शेकलं असतं तर तो वाचला असता.

तेवढ्यात वारा पडला आणि माणसांचे आवाज आले. खिंडीच्या चौकीवरची दोघं, एक पुरुष आणि एक बाई, जवळच गस्तीला होती. उल्काला इतका आनंद झाला की रडावंसं वाटलं, पण डोळे हलेनात.

एकजण वाकला. "दोघंही झोपलेत."

"याचा श्वास जरा भरभर वाटतोय," दुसरी म्हणाली. "खाली नेऊया का?"

"नुकतं टोचलं असेल. सुरुवातीला असंच असतं. हिमनीजेच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय, झोपलेल्याला हलवू नये. लिमये बाईंनीच लिहिलंय ना?"

"हो, खरंच."

त्यांनी खुणेचा तांबडा बांबू रोवला. वारा लागू नये म्हणून दोघांवर हातानं बर्फ ओढला, लेकराला पांघरूण घालावं तसा. मग त्यांची पावलं दूर गेली.

उल्का ओरडत होती, आतल्या आत. कानाशी परागचा श्वास चालू होता. ती तो ऐकत राहिली. तो थांबला तरी ऐकतच राहिली, कारण झोप तिच्या वाट्याला आलीच नव्हती. जानेवारी तर नुकता लागला होता.