आतून बंद

बस इच्छापोरच्या बॉडी बांधायच्या शेडमध्ये आली तेव्हा एप्रिल लागला होता आणि पत्रे तापायला सुरुवात झाली होती. लांब पल्ल्याची जुनी गाडी. चार वर्षं एका प्लॉटमध्ये उभी राहून टायरांना भेगा पडलेल्या. डिंडोलीच्या हर्षदाने ती विकत घेतली होती आणि तिला त्यात घर करून हवं होतं. पलंग, छोटा ओटा, आणि मुख्य म्हणजे मोठं बाथरूम.

"आईची चाकाची खुर्ची आत गेली पाहिजे, काका," ती सुकलालला म्हणाली. "हे मूळचं बाथरूम बघा ना, मीच अंग तिरकं करून शिरते."

"कुठे नेणार आईंना?"

"तापीच्या कडेकडेने, मुलताईपर्यंत. जन्म या नदीवर गेला, ती निघते कुठून ते बघायचंय म्हणते." ती जरा थांबली. "डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर पावसाच्या आधी न्या."

"आठवड्यात काढून देतो," सुकलाल म्हणाला.

सुकलाल मूळचा शिरपूरकडचा. पंचवीस वर्षं तो बसच्या बॉड्या बांधत होता. बायको उषाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. ती घरातल्या बाथरूममध्ये पडली होती, कडी आतून लावलेली. त्या दिवसापासून तिथे त्याने दार बसवलं नव्हतं, नुसता पडदा टांगला होता. शेडमध्ये त्याच्यासमोर हा विषय कोणी काढत नसे.

बाथरूम बसच्या मागच्या अंगाला होतं. पांढऱ्या फायबरची केबिन, अरुंद दार, दाराला कडीबरोबर फिरणारी पट्टी: उघडं असेल तर हिरवी, आतून लावलं तर लाल. सकाळी सुकलाल हत्यारं घेऊन गेला तेव्हा पट्टी लाल होती. त्याने दोनदा दार वाजवलं. मग स्वतःचाच राग येऊन त्याने स्क्रू ड्रायव्हरने पट्टी फिरवली आणि दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. जमीन मात्र ओली होती. नुकतंच कोणी पाय धुऊन गेल्यासारखी.

त्याने गाडीखाली जाऊन पाहिलं. पाण्याची टाकी केव्हाच काढून नेलेली होती, नळ्यांची तोंडं मोकळी लोंबत होती. त्याने जमीन फडक्याने पुसली, कमोडचे नटबोल्ट सोडवले आणि कमोड बाहेर आणून ठेवला.

जेवून आला तर पट्टी पुन्हा लाल.

"स्प्रिंग गेली असेल, भाऊ," धर्मेंद्र म्हणाला. तो पुढे छताला वायरी ओढत होता. "जुना माल आहे."

"असेल."

सुकलालने कडीच काढून टाकली. पट्टी, खटका, सगळं. दारात रुपयाएवढं भोक उरलं. मग त्याने दार ढकललं.

ते बोटभर आत गेलं आणि थांबलं.

अडकलं नव्हतं. अडकलेलं दार कसं लागतं ते त्याला माहीत होतं. हे मऊ लागत होतं, आणि खालच्या बाजूला. आत कोणीतरी जमिनीवर बसून दाराला पाठ टेकली असावी, तसं. त्याने खांदा लावला आणि त्याच्या खांद्याने ते वजन ओळखलं.

दोन वर्षांपूर्वीही त्याने असाच खांदा लावला होता. दार बोटभर सरकलं होतं. जोर केला तर तिला लागेल, म्हणून तो थांबला आणि बिजागऱ्या कापायला शेजारच्या गल्लीतून ग्राइंडर आणायला धावला. यायला-जायला दहा मिनिटं लागली. तिची धुगधुगी होती, पण दवाखान्यापर्यंत टिकली नाही. ती दहा मिनिटं तो अजून मोजत होता.

ग्राइंडर आज हाताशी होता. त्याने तो बाजूला ठेवला.

तो दाराला खांदा टेकून बाहेर खाली बसला. पुढून ड्रिल मशीनचा आवाज येत होता. भोकातून आतलं काही दिसत नव्हतं, पण गार, ओलसर हवा गालाला लागत होती.

"उषा," तो घरच्या बोलीत हळू म्हणाला. "तू शे का?"

त्याने तोंड भोकाशी नेलं.

"मी आठेच शे. कोठेच जात नही."

ड्रिल थांबलं. बसमध्ये एकदम शांत झालं.

दोन वर्षांत त्याने जे स्वतःच्या पोरीला विचारलं नव्हतं, डॉक्टरला विचारलं नव्हतं, ते त्याने दाराला विचारलं. घरच्या बोलीतही त्याला ते जमेना.

"मी ढकलायला पाहिजे होतं का?"



मग खांद्यावरचं वजन उतरलं. सावकाश, गुडघे दुखणारं माणूस उठतं तसं. दार आपोआप आत वळलं.

केबिन रिकामी होती. पुसलेली जमीन पुन्हा ओली होती.

हुंदका आला तो त्याने बाहीत दाबला. नंतर उठून कामाला लागला. दार उतरवलं, फायबरच्या भिंती कापल्या, तुकडे खिडकीतून खाली सोडले. चार वाजेपर्यंत तिथे बाथरूम उरलं नव्हतं. उघडा सांगाडा, प्लायवूडची जमीन आणि आरपार ऊन. त्याने खडूने नव्या, मोठ्या बाथरूमची रेघ मारली आणि थकून तिच्या आत, भिंतीला टेकून बसला. शेजारची जमीन मोकळी होती.

धर्मेंद्र वायरीचं बंडल घेऊन मागे आला. "उद्या या बाजूची लाइन टाकतो, भाऊ. आईंना पंखाही लागेल."

"टाक."

बोलता बोलता तो सुकलालच्या समोरून पुढे गेला, आणि शेजारच्या मोकळ्या जागेपाशी त्याने पाय जरा उंच उचलला, कोणी पाय पसरून बसलेलं असावं आणि ते ओलांडायचे असावेत तसा. बंडल कोपऱ्यात ठेवलं. परत जाताना पुन्हा तसाच, जपून, पाय उचलून गेला. त्याचं त्याला कळलंही नाही.