गॅसच असेल

लाइट काही इतक्यात येत नाही. मेणबत्ती लावा आणि ते मोबाइल खाली ठेवा. उद्या तुमची परीक्षा आहे ना, त्याआधी हे ऐकून घ्या. माझ्या मित्राचं आहे, डॉक्टर कुरुविलाचं. खोटं वाटलं तर त्याच्या घरी जाऊन विचारा, केरळात इडुक्कीला कोणीही पत्ता सांगेल.

दोन वर्षांपूर्वीची कर्किडक महिन्यातली, म्हणजे आषाढातली अमावास्या. त्या दिवशी सगळा मुलूख नदीवर पितरांना पिंड द्यायला जातो. कुरुविला पडला ख्रिस्ती, त्याला त्याचं काय! तो दिवसभर तुमच्यासारख्याच गावोगावच्या डॉक्टरांना बंद पडलेलं हृदय कसं चालू करायचं ते शिकवत होता. अंधार पडल्यावर त्याने शिकवायचा रबरी पुतळा जीपच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला आणि घरी निघाला. पोटात जरा जळजळत होतं. दुपारी उकडलेला कप्पा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, आणि माशाचं कालवण चापलं होतं. गॅसच असेल, म्हणाला. आपल्याकडे गुडघा दुखला तरी गॅसच असतो.

वासूलाही त्याने हेच सांगितलं होतं. वासू म्हणजे घाटाच्या तोंडाशी चहा विकायचा तो. सगळे त्याला चेट्टन म्हणायचे, म्हणजे दादा. वीस वर्षांची ओळख. एका संध्याकाळी खांद्यावरच्या पंच्याने सारखा घाम पुसत तो दवाखान्यात आला. पोटात जळजळतंय म्हणाला. कुरुविलाने नाडीसुद्धा धरली नाही.

"स्वतःचेच वडे खाल्लेस वाटतं. आल्याचा सोडा पी आणि झोप."

वासू हसत गेला. दुकानापर्यंत पोचला नाही. कुरुविलाने हाय खाल्ली. तेव्हापासून तो शिकवायला लागला, आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: ओळखीचा माणूस आला की त्याला नव्याने बघा.

तर, घाट लागला. धुकं होतं. वासूचं बंद दुकान मागे पडलं... आणि मागच्या सीटवरून कोणीतरी विचारलं,

"डॉक्टर, गॅस झालाय का?"

आरशात पुतळा. पट्ट्यात बांधलेला. त्याच्या शेजारी... अंधार.

कुरुविला गाडी चालवत राहिला.

"सदरा बघा तुमचा."

बघितला. बाहेर थंडी. सदरा चिंब.

"डावा हात जड झालाय ना?"

झाला होता.

"मग? आल्याचा सोडा आणू?"

"चेट्टा... माझं चुकलं."

 

"ते राहू द्या. पुढे उतार आहे. गाडी वळवा."

वळवली. कशी, ते त्याला आठवत नाही. हॉस्पिटलच्या फाटकात हॉर्नवर डोकं टेकलेला सापडला. हृदयाची रक्तवाहिनी पार बंद झाली होती. त्या उतारावर गेला असता तर मी आज त्याच्या थडग्याची गोष्ट सांगत असतो.

आता ठणठणीत आहे. रक्त कमी पडलं की मेंदू काहीही ऐकवतो, असं डॉक्टर म्हणतात. मीही तेच म्हटलं असतं. पण त्याला आत नेताना नर्सने त्याच्या गळ्यातला पंचा काढून त्याच्या बायकोला दिला. अन्नम्माने बघितला. जुना. कडेला चहाचे डाग. घामाने ओला. तिने तो धुऊन अंगणात वाळत घातला.

दोन उन्हाळे गेले. दोरीवरच आहे. परवा मी हात लावून बघितला...

ओला आहे.