थोरलीचं स्टिअरिंग

थोरलीचा एक नटसुद्धा काढायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

लहानपणी पाढे पाठ व्हायच्या आधी तिला हा नियम पाठ झाला होता. पाढ्यांचा पुढे काहीतरी उपयोग झाला. नियमाचा झाला तो एवढाच, की गॅरेजच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक अख्खी बस उंदरांना आंदण दिल्यासारखी पडून राहिली.

थोरली आणि धाकटी या जुळ्या गाड्या. एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशी आणलेल्या. थोरलीचा नंबर आधीचा, म्हणून ती थोरली. धाकटी अजून धावत होती. वडील गेल्यापासून तीच धाकटीला चालवायची. गिरणीतल्या बायकांना सकाळी पोचवायचं, संध्याकाळी घरी आणायचं. गेल्या आठवड्यात धाकटीच्या स्टिअरिंगने मान टाकली. अर्धा वळसा दिला तरी गाडी आपली नाकासमोर.

तिने शहरातली पार्टची दुकानं पालथी घातली. एक दुकानदार फोटो बघून म्हणाला, "ताई, ही गाडी बनवणारे लोकसुद्धा आता बनायचे बंद झाले." दुसऱ्याने चहा पाजला आणि गाडी विकायचा सल्ला दिला. मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा एक ग्रुप सापडला. त्यातल्या एकाने लांबून स्टिअरिंग बॉक्स पाठवला, तो ट्रकचा निघाला. दातेच जुळेनात. इकडे गिरणीच्या साहेबाने सांगून टाकलं होतं, सोमवारी सकाळी फाटकावर बस दिसली नाही तर फेरी दुसऱ्याला. फेरी गेली की धाकटी भंगारात, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आज रविवार. अंधार पडला तशी तिने पान्यांची पेटी उचलली आणि शेडकडे निघाली.

"ठेव ती खाली," मोठे काका म्हणाले.

"काका, जगात मिळत नाही तो पार्ट आपल्या दारात सडतोय."

"सडू दे."

"का?"

लेथवाल्या आजोबांनी मान वर केली. ते कोणाचेच आजोबा नव्हते. सगळा जन्म इथल्या लेथवर काढलेला, म्हणून सगळ्यांचेच आजोबा. तिचा चुलतभाऊ टायरमध्ये हवा भरत होता, तो पंप हातात धरून तसाच थांबला. या घरात मोठ्यांसमोर 'का' म्हणायची हिंमत तिचीच.

"बसा इंजिनीअरबाई," काकांनी एक जुना टायर तिच्याकडे ढकलला. "डिग्री घेऊन झाली, आता जरा कान द्या. ऐक आणि मग जायचं तर जा."

शटर अर्धं खाली होतं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकांनी लेथवरचा एक दिवा तेवढा ठेवला आणि बाकीचे मालवले. त्यांना गोष्ट सांगायची असली की आधी वीज वाचवायची सवय होती.

"माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर होता. रात्रीसुद्धा काळा चष्मा लावायचा, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणायचे."

"मग रात्री दिसायचं कसं?" भावाने विचारलं.

"दिसायचं नाही. म्हणून तर त्याच्या शेजारच्या सीटवर कोणी बसत नसे." काका हसले. त्या रात्री तेवढंच हसले. "त्याची गाडीही याच जातीची. तिचंही स्टिअरिंग असंच गेलं. हिच्यासारखाच वणवण फिरला आणि शेवटी इथे आला. थोरली तेव्हा नुकतीच शेडमध्ये लावलेली. का लावली, ते मागून सांगतो. गॉगल बॉक्स बघायला वाकला, तर हे आपले आजोबा दारात उभे. म्हणाले, 'नको घेऊस रे. त्यात अजून जीव आहे.'"

गॅरेजात हा शब्द रोजचा. टायरमध्ये जीव आहे, बॅटरीत जीव आहे, म्हणजे अजून चालेल, फेकू नको.

"गॉगल खूश! त्याला वाटलं, म्हातारा चांगला माल दाबून ठेवतोय. जीव आहे म्हणजे हवाच की. स्टिअरिंग, दांडा, बॉक्स, सगळं काढून नेलं आणि आपल्या गाडीला बसवलं. लोण्यासारखं फिरतंय म्हणून सगळ्यांना सांगत सुटला.

"मग तो शनिवार आला. थंडीचे दिवस, अमावस्येची रात्र, रस्त्यावर कापसासारखं धुकं. शेवटची फेरी संपवून तो रिकामी गाडी घेऊन परत येत होता. आपला फाटा आहे ना, इथून हाकेवर? उजवीकडे आपल्याकडे, डावीकडे दवाखान्याकडे. फाटा आला. त्याने स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. ते... आलं नाही.

"पलीकडून कोणीतरी धरल्यासारखं.

"त्याने जोर लावला. पलीकडच्यानेही लावला. जुनी गाडी खड्ड्यात गेली की स्टिअरिंग उलटा हिसडा मारतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण रस्ता सपाट होता. आणि मागून, पार मागच्या बाकाकडून, आवाज आला.

"'अजून जीव आहे...'

"गाडी रिकामी होती.

"त्याने वळून बघितलं नाही. पाय पुढच्या पत्र्याला रोवले आणि उजवीकडे ओढलं. ते डावीकडे फिरलं. एकदम. आडवा दांडा मनगटावर बसला. हाड मोडल्याचं आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. दुसरा हात आत अडकला. ते फिरतच राहिलं. तो हातही गेला. कोपरापर्यंत. 'जीव आहे... जीव आहे...' आता कानाशी. गाडी खांबावर गेली. पुढची काच त्याच्या तोंडात..."

"बाबा, बास ना," भाऊ म्हणाला.

"सीट आणि स्टिअरिंगच्या मध्ये तो चेंगरला होता. शुद्धीवर होता. धुक्यातून पावलं आली. पुष्कळ. आणि लोखंड... रस्त्यावरून फरफटत आणावं तसं. कोणी म्हणालं, 'बघ रे, संपला का?' याने श्वास रोखला. डोळे मिटले. कोणीतरी वाकलं. तोंडाशी तोंड आणलं. थांबलं...

"'नाही. याच्यात अजून जीव आहे.'

"मग घाव बसले.

"सकाळी दूधवाल्याला सापडला. बरगड्यांचा चुरा, दोन्ही हात निकामी. दवाखान्यात त्याने हे मला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गेला. गाडीभोवतीच्या ओल्या मातीत दूधवाल्याखेरीज एकाही माणसाचं पाऊल नव्हतं. आम्ही ते स्टिअरिंग काढलं, परत थोरलीला लावलं, शेडचं दार ओढलं. कळला नियम?"

भावाच्या हातातला पंप केव्हाच खाली गेला होता.

"नाही कळला," ती म्हणाली. "थोरली शेडमध्ये का आली, ते मागून सांगणार होता."

काकांनी बोटावरचं ग्रीस चिंधीला पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिले.

"थोरलीवर एक ड्रायव्हर होता. सारखी शीळ घालायचा. फाट्यावर धुक्यात एक सायकलवाला त्याच्या गाडीखाली आला. लोक जमले. त्याला मारलं. मेला."

"जमले, मारलं, मेला. काका, गॉगलच्या मनगटाला तुम्ही एवढा वेळ दिलात, आणि अख्खा माणूस तीन शब्दांत उरकलात?"

"जीभ फार चालते हिची."

"शीळवाला पळाला नाही?"

"नाही."

"मग लोक येईपर्यंत करत काय होता?"

उत्तर लेथच्या बाजूने आलं. आजोबांचा आवाज लेथसारखाच, आधी खरखर आणि मग शब्द.

"सायकलवाल्याला उचलून गाडीत घातलं त्याने. एकट्याने. मागच्या बाकावर निजवलं आणि गाडी दवाखान्याकडे वळवत होता. तेवढ्यात दार उघडलं लोकांनी. तो स्टिअरिंग सोडेना. मग बोटांवर... गाडी चालू करायचं लोखंडी हँडल असतं ना, त्याने. एकेक बोट. आणि तो ओरडतोय, 'मला नंतर मारा रे, आधी याला पोचवू द्या, याच्यात अजून जीव आहे!'"

दिव्याची काच बारीक किणकिणत होती.

"बोटं सुटली. खाली ओढला. हँडल डोक्यात घातलं. पडला तरी हलत होता. कोणी वाकून बघितलं, म्हणालं, याच्यात अजून जीव आहे. मग पुन्हा... मग पुन्हा..."

"आणि सायकलवाला?"

"होता पहाटेपर्यंत," आजोबा म्हणाले. "बाकावर. कोणाच्या लक्षातच राहिला नाही."

ती उठली. ही भीती की संताप, हे तिचं तिलाच कळेना. मग कळलं.

"म्हणजे शीळवाला मागच्या बाकावरच्या माणसाबद्दल सांगत होता," ती म्हणाली. "गॉगललाही तेच सांगत होता. मारायला नव्हता निघाला. गाडी डावीकडे घे म्हणत होता, दवाखान्याकडे. आणि गॉगल जिवाच्या आकांताने उजवीकडे ओढत होता."

"आणि ते घाव? तेही प्रेमाने घातले का?" काका उसळले.

"घाव त्याने नाही घातले. धुक्यातून पावलं आली म्हणालात ना? पुष्कळ? ते शीळवाल्याला मारणारे लोक होते, काका. तेच. आणि त्यातले काही तर अजून रोज सकाळी उठून दात घासत असतील."

"तोंड सांभाळ. मोठ्यांसमोर बोलतेयस."

"जो मेला त्याला तुम्ही भूत म्हणता. ज्यांनी मारलं त्यांना नुसतं 'लोक' म्हणता. आजोबा, तो काय ओरडला ते तुम्हाला शब्दन्‌शब्द पाठ आहे. फाटा इथून हाकेवर आहे. त्या रात्री हे शटर उघडं होतं, की ओढून घेतलंत?"

आजोबांनी लेथच्या चक्रावर हात ठेवला. काकांनी चिंधीची घडी घातली. मग आणखी लहान घडी.

"विचारायचं नाही म्हणजे भुताबद्दल विचारायचं नाही असं मला वाटायचं," ती म्हणाली. "नियम भुताचा नव्हताच. तुमचा होता. मी नाही मानत. आज रात्री मी ते स्टिअरिंग काढणार आणि धाकटीला लावणार. उद्या बायकांना घ्यायच्या आधी, अर्धा तास लवकर, रिकामी गाडी घेऊन निघेन. फाट्यावर ते डावीकडे ओढलं तर मी उजवीकडे जोर लावणार नाही. डावीकडे जाईन. दवाखान्याच्या दारात गाडी उभी करीन, मागचं दार उघडीन, थोडा वेळ थांबेन. मग गिरणीची फेरी. ज्याला अडवायचंय त्याने आत्ता अडवा."

तिला वाटलं होतं, काका ओरडतील. निदान आजोबा तरी 'पोरी, नको' म्हणतील. ती वाट बघत उभी राहिली. काकांनी चिंधीची घडी खिशात घातली आणि बाजूला सरकले.

तिने पेटी आणि टॉर्च घेतला. भाऊ मागोमाग आला, पण शेडच्या उंबऱ्यापर्यंतच. थोरलीच्या दाराची कडी गंजून एकजीव झाली होती. हातोडीचे घाव घालून ती सोडवावी लागली. दार किंचाळत उघडलं. आत जुन्या रेक्झिनचा वास, सगळीकडे बोटभर धूळ, आणि त्या धुळीत उंदरांखेरीज कोणाची खूण नाही.

तिने टॉर्च ड्रायव्हरच्या सीटकडे फिरवला.

समोरची काच आतून धुकटली होती. सगळी नाही. स्टिअरिंगच्या वर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तिथेच, तळहाताएवढी. ती बघत असतानाच ती वाफ कडेकडेने विरत गेली. काच स्वच्छ झाली.

आणि हळूच पुन्हा धुकटली, कोणीतरी श्वास घेत असल्यासारखी.

"याआधी आत कोण आलं होतं?" तिने मोठ्याने विचारलं.

भाऊ उंबऱ्याशीच होता. त्याच्या मागे, अर्ध्या अंधारात, काका आणि आजोबाही येऊन उभे राहिले होते. काच त्यांनाही दिसत होती.

या वेळी दार कोणी ओढून घेतलं नाही.