चैत्रातली उघाडी

पौषातल्या एका रविवारी सकाळी आमच्या मिठागराच्या बांधावरून एक माणूस बूट घालून चालत आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत घसरून खाऱ्या पाण्यात बसला. हसायचं नाही असं खूप ठरवलं. नाही जमलं.

"हसून झालं की हात द्या," तो म्हणाला.

"बूट घालून बांधावर कोण येतं?"

"ज्याला बांध माहीत नसतो, तो."

हात दिला. गार पडलेला, बोटांवर शाईचे डाग... तो उभा राहिला तरी हात क्षणभर माझ्याच हातात राहिला. हा त्र्यंबक ओगले. पनवेलच्या हायस्कुलात मराठी शिकवायचा आणि मासिकांत नव्या वळणाच्या कथा लिहायचा. मी गोदू, बळीराम आगऱ्याची थोरली. सातवीची फायनल पास होऊन मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, आणि सुट्टीला बाच्या हाताखाली मिठागरात असायचे.

ओल्या कपड्यांनिशी त्याने खिशातून वही काढली आणि एकेक विचारत सुटला.

"हे चौकोन?"

"वाफे. यांत मीठ धरतं."

"आणि ही बांधातली लाकडी झडप?"

"उघाडी."

"ती उघडली की?"

"समुद्राचं पाणी आत येतं."

तेवढंच सांगितलं. पुढचं सांगायचा कंटाळा केला. मास्तर आहे, त्याचं त्याला कळेल, असं वाटलं. माझी खोडच ती. अर्धं बोलायचं, आणि उरलेलं समोरच्याने ओळखावं म्हणून वाट बघत बसायचं.

मग शाळा सुटल्यावर वडाळे तळ्याच्या काठाने आम्ही बरोबर चालायला लागलो. बरोबर म्हणजे काय... तो पुढे, मी चार पावलं मागे. गावाला डोळे असतात. तो मला मासिकं आणून द्यायचा, मी वाचायचे आणि भांडायचे.

"यात काही घडतच नाही, मास्तर. बाई खिडकीशी उभी राहते, कंदिलाची काच तडकते, झाली कथा."

"काच तडकली ना? म्हणजे त्यांचा संसार तडकला. प्रतीक आहे ते."

"मग संसार तडकला असं लिहायला शाई जास्त लागते का?"

"बोलून टाकलं की संपतं, बाई. न बोललेलं वाचणाऱ्याच्या मनात राहतं."

"आमच्याकडे न बोललेलं मनात राहिलं की भांडण होतं."

तो हसायचा. हसताना मान खाली घालायचा आणि मग हळूच वर बघायचा... त्या बघण्याने माझा जीव नुसता खालीवर व्हायचा. घरी आल्यावर भाकरी करपायची, आई ओरडायची.

माघात एकदा मासिक परत द्यायला त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने ओटीवर चहा दिला, कान तुटलेल्या कपातून. "झाला की विसळून त्या कोनाड्यात ठेव हो," त्या म्हणाल्या. अगदी मऊ आवाजात, रागाने नाही. तो दारात उभा होता. त्याने मासिक उघडलं आणि वाचायला लागला. स्वतःचीच कथा होती ती, पाठ असेल त्याला. मी कप विसळला, कोनाड्यात ठेवला आणि निघाले. मला संताप आला होता. त्याच्या आईचा नाही, त्याचा.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी भेटलो. त्या कपाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. त्यानंतर हसलो, चिडवाचिडवी केली, सगळं केलं. पण आमच्यात काहीतरी गार पडलं होतं, आणि दोघंही ते ओलांडून ओलांडून चालत होतो.

चैत्र लागला आणि ओवे गावच्या काशिरामचं स्थळ आलं. बाने मला बांधावर बोलावलं.

"पोरगा बरा हाय, मेहनती हाय. पन मी तुला इचारतो, गोदू. रयवारी पाच मानसांसमोर सुपारी फुटली का मंग मागं फिरनं नाय. तुजं मन दुसरीकडं असंल, तर आताच सांग."

"शुक्रवारपर्यंत थांब, बा," मी म्हटलं. बाने मान हलवली. कोण, कुठला, काही विचारलं नाही.

मी तळ्यावर गेले. आज चार पावलं मागे राहिले नाही.

"रविवारी माझी सुपारी फुटायची आहे. शुक्रवारपर्यंत बाला उत्तर द्यायचंय. तुम्हाला काही म्हणायचंय?"

तो थांबला. चेहरा उतरला त्याचा. "आहे."

"मग म्हणा."

त्याने तोंड उघडलं... मिटलं. तळ्याकडे बघत राहिला. "शुक्रवारी लिहून देतो," म्हणाला.

शुक्रवारी त्याने आठ पानं दिली आणि मान खाली घालून निघून गेला. कथा होती. एका मिठागरावर एक माणूस. चैत्राचं ऊन, पांढरेशुभ्र भरलेले वाफे. तो दिवसभर बांधावर बसून असतो, कुणाशी बोलत नाही. शेवटच्या ओळीत उठतो, दोन्ही हातांनी उघाडी वर ओढतो, आणि समुद्र आत येतो. कथा संपली.

मी ती तीनदा वाचली. मिठागरात वाढलेल्या कुणालाही विचारा. चैत्रात, मीठ पिकून वाफ्यात बसलेलं असताना उघाडी कोण उघडतं? सगळं विरघळून जातं, हाती चिमूटभर राहत नाही. म्हणजे हेच सांगायचं होतं तर. जे धरलं होतं ते वाहून जाऊ दे. नाही म्हणायलासुद्धा याला कथा लागली... मी पानं उराशी धरून रडले, तोंड धुतलं, आणि बाला जाऊन सांगितलं, "माजं मन कुठं नाय, बा. तू हो म्हन."

रविवारी सुपारी फुटली. बाने सगळ्यांना पानविडे दिले. त्याला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी शाळा सुटली तर फाटकाशी ओगले मास्तर उभा. हातात पत्र्याची ट्रंक, काखेत वळकटी. आणि चेहरा फुललेला.

"वाचलीत?"

"वाचली. कळली."

"मग ठीक. मी काल आईला सांगितलं. म्हटलं, गोदू या घरात ओटीवर नाही, चुलीपर्यंत येईल. ती म्हणाली, मग तू तरी बाहेर हो." तो हसला. "झालो बाहेर. पुण्याला मित्र आहे, नोकरी बघतो. आज तुमच्या वडिलांना भेटून मगच जाईन."

"मास्तर... काल सुपारी फुटली."

"पण मी लिहिलं होतं ना. तो उघाडी उघडतो. सगळे बांध सोडून समुद्राला आत घेतो..."

"चैत्रात? वाफे भरलेले असताना? पिकलेलं मीठ जातं त्याने. वर्षाची मेहनत जाते."

तो ट्रंकेवर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही म्हणाला होता, पाणी आत येतं."

"तेवढंच म्हणाले होते. पुढचं सांगितलं नाही, चुकले. पण तुम्ही तरी एक ओळ साधी लिहायची होती."

"चला, आत्ता जाऊ. मी त्यांच्या पाया पडतो."

"बाने मला विचारलं होतं, मास्तर. आमच्याकडे किती बाप पोरीला विचारतात? आणि मीच हो म्हटलं. आता त्या पाच माणसांत त्याला खोटं पाडू?"

मी ट्रंकेची एक कडी धरली, त्याने दुसरी. तशीच उचलून एस.टी. स्टँडवर नेली. लोक बघत होते, बघू दे.

पुण्याची गाडी पाऊण तास उशिरा आली. तेवढ्या वेळात आम्ही सगळं बोललो. त्या कपाबद्दल, त्याच्या भित्रेपणाबद्दल, माझ्या ताठ्याबद्दल, पहिल्या दिवशी हात का सोडवला नाही त्याबद्दलसुद्धा. काही राखून ठेवलं नाही. गाडी लागल्यावर तो पायरीवर थांबला.

"माझं तुमच्यावर प्रेम आहे, गोदू."

"माझंही आहे."

एवढं सोपं होतं. कंडक्टरने घंटी मारली.

घरी पोचले तेव्हा बा अंगणात मांडवासाठी बांबू निवडत होता. त्याने हातातला बांबू खाली ठेवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"गोदू, तू खुशीत हाय ना?"

साधा प्रश्न होता, तोंडावर विचारलेला.

"हाय, बा," मी म्हटलं, आणि भाताला आधण ठेवायला आत गेले.