स्क्रीनच्या डावीकडे

काँक्रीटच्या प्रयोगशाळेत मी माझा ठोकळा शोधत होते, आणि एका ताडमाड मुलाने तो नुकताच यंत्राखाली दाबून फोडला होता.

"हा तुझा होता?" तो ओशाळला. "पण... मजबूत होता. मानलं तुला."

त्या दिवसापासून तो माझा लंबू झाला. म्हणजे, मनातल्या मनात.

शेवटच्या वर्षी सरांनी नवीन खूळ काढलं. "उद्या जगात कुठल्याही बांधकामावर उभं राहावं लागेल. परक्या माणसांबरोबर काम करायला आत्ताच शिका." प्रत्येकाला परदेशातल्या कॉलेजातला एक जोडीदार मिळाला. व्हिडिओ कॉलवर बोलून दोघांनी पादचारी पुलाचा आराखडा करायचा. माझ्या वाट्याला जांभया देणारा मुलगा आला. लंबूच्या वाट्याला कुरळ्या केसांची, खळखळून हसणारी मुलगी.

आम्ही शेजारीशेजारी बसायचो. हेडफोन माझ्या कानाला, लक्ष मात्र त्याच्या स्क्रीनवर.

"कुरळी हुशार आहे," तो एकदा म्हणाला. "तिकडचे नियम काय छान समजावते."

"मग तिकडच्या लग्नाचेही विचारून घे."

तो हसला. माझा तिळपापड झाला.

त्यातच तिच्या शहरातल्या एका कंपनीने त्याला मुलाखतीला बोलावलं. झालं... दुसऱ्या दिवशी मी सामान उचललं आणि पार खिडकीशी जाऊन बसले.

थोड्या वेळाने तो समोर येऊन उभा राहिला. "जागा का बदललीस?"

"तिथे फार आवाज होतो. हसण्याचा."

"कुरळी मला विचारत होती, आज तुझी मान सरळ कशी? रोज तर डावीकडे बघत बोलतोस."

डावीकडे मी बसायचे. माझे कान तापले. "मग... काय सांगितलंस?"

"डावीकडची उठून गेली म्हणून. तर म्हणाली, मग माझ्याशी काय बोलत बसलायस?"

मी खिडकीबाहेर बघत विचारलं, "मुलाखतीला जाणार?"

"जाणार. तूही अर्ज कर. त्यांना दोघं हवेत, आणि मला..."

"तुला काय?"

"मला तू हवीस."

"मलाही," मी म्हणाले. इतकं हळू, की त्याला खाली वाकावं लागलं.

त्याच्या स्क्रीनवर कुरळी अजून ताटकळत होती. मी जाऊन त्याच्या खुर्चीत बसले, त्याचा हेडफोन कानाला लावला.

"तू बस डावीकडे," मी त्याला म्हटलं. "आता हिच्याशी मी बोलते."