तिसऱ्यावरचा हात

दुपारची वेळ होती. खिडकीबाहेर धुकं इतकं दाटलं होतं की समोरचं घर कुणीतरी पुसून टाकल्यासारखं वाटत होतं. शिवणकामावर घर चालवणारी ती बाई आठव्या महिन्यात होती आणि झबल्यांना नाड्या लावत बसली होती. पोटात तिळं!

"एका तिकिटात तीन प्रवासी," आई चेष्टा करायची. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नव्हत्या. "तिघं असली की बाळंतपण दिवसांआधीच होतं, रक्तदाब चढतो. त्यात तुमची दोन बाळं एकाच वारेवर वाढतायत. एका ताटात दोघं जेवली आणि एकानं जास्त ओढलं, तर दुसरं उपाशी. हालचाल कमी वाटली तर तडक या. उद्यावर ढकलू नका."

आज पोट जरा शांतच होतं. झोपली असतील, तिनं मनाची समजूत घातली. उद्या तपासणी होतीच की.

तेवढ्यात पोटाच्या डाव्या बाजूला, अगदी खाली, एक हात येऊन टेकला.

"आई, किती गार हात गं तुझा!"

"काय म्हणालीस?" आईचा आवाज आला... स्वयंपाकघरातून.

ती गोठली. तिच्या एका हातात सुई होती, दुसऱ्यात झबलं. अंगावरच्या गाऊनवर पाच बोटांचे खळगे उमटले होते. खोलीत बंद पेटी उघडल्यासारखा कुबट वास पसरला. बोटं हलकेच थोपटू लागली. थांबली. पुन्हा थोपटू लागली... जणू कुणाला तरी उठवत होती.

तिसरं बाळ तिथंच लाथा मारायचं. सकाळपासून त्यानं एकही मारली नव्हती!

"आई... त्यांना फोन कर. आत्ताच्या आत्ता निघायचंय."

नवरा धावतपळत गाडी घेऊन आला. धुक्यातून रस्ता चाचपत ते दवाखान्यात पोचले. वाटभर तो गार हात तिथून हलला नाही. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि त्यांचा चेहरा उतरला. तिसऱ्या बाळाचा रक्तपुरवठा आटत चालला होता.

"उद्या आला असतात तर..." एवढं बोलून त्यांनी शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितलं.

पहिलं रडलं. दुसरं रडलं. मग जीवघेणी शांतता... आणि मांजराच्या पिल्लासारखा तिसरा आवाज! तिच्या जिवात जीव आला. बाहेर आई एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. "पोचले गं बाई सगळे प्रवासी!"

दोन दिवसांनी तिला चाकांच्या खुर्चीवर बसवून काचेच्या पेटीपाशी नेलं. धाकटी मुलगी होती, मूठभर, पण छान श्वास घेत होती. तिनं हळूच विचारलं, "सिस्टर, एवढ्याशा केसांचा भांग कुणी पाडला?"

सिस्टर वाकून बघतच राहिल्या. मधोमध, सुतासारखा सरळ, नुकताच पाडलेला भांग. केस अजून ओलसर होते.

"पेटी तर... सकाळपासून आम्ही उघडलेलीच नाही."