टोकावरचं घर

डोंगराच्या पहिल्या टोकावर पोचेपर्यंत ज्योत्स्नाची ओढणी कुसळांनी भरून गेली होती. पौषातलं वाळलं गवत, आणि ही बाई नवी कोरी ओढणी घेऊन डोंगर चढायला आलेली!

"गवतानं तुमाले पुरतंच धरून ठेवलं की," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं तर कानटोपीतला एक उंच मुलगा हसत होता. मंगरूळपीरहून निघालेल्या गटातला हा जऊळक्याचा प्रज्वल. गावी त्याची फळझाडांची रोपवाटिका होती. आसेगावची ज्योत्स्ना आली होती मैत्रीण संस्कृतीच्या आग्रहाखातर. खरं म्हणजे घरातून निसटायला. अकोल्याचं स्थळ चालून आलं होतं. मुलगा चांगला, घर मोठं, आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते तिला सांगायचं होतं. मन मात्र ढिम्म हलत नव्हतं.

"हसून काय राह्यले? वेचू लागा," ती म्हणाली.

तो खरंच खाली बसला. ओढणीच्या एका टोकाशी ती, दुसऱ्या टोकाशी तो... एका दिवसात कुठं प्रेम होतं का, असं म्हणणाऱ्यांनी एकदा दोघांनी मिळून कुसळं वेचून पाहावीत. मान खाली असते, बोटं गुंतलेली असतात आणि माणूस खरं बोलून जातो. डोंगराचं दुसरं टोक येईपर्यंत तिनं त्याला अकोल्याचं सगळं सांगून टाकलं होतं.

"मंग? हो म्हणून राह्यल्या का?"

"माहीत नाही... तुमाले कायले पाह्यजे?"

"असंच," तो म्हणाला आणि पुढचा सगळा चढ गप्प चालला. तिला त्याचं ते गप्प होणं फार आवडलं.

तिसऱ्या टोकावर देवीचं ठाणं होतं. तिथं दगडावर दगड रचून छोटंसं घर मांडलं की खरं घर होतं, अशी लोकांची समजूत. सगळ्यांनी मांडलं. प्रज्वलनं तर चपटे दगड शोधून शोधून भिंती उभ्या केल्या. दरी बघता बघता ज्योत्स्ना वळली, ओढणी दगडात अडकली आणि घर खाली!

"अवो, माह्यं घर पाडलं तुमी!"

"ज्याच्या हातून पडलं त्यानंच मांडावं लागते," संस्कृतीनं रीत सांगितली आणि डोळे मिचकावत बाकीच्यांना डबे खायला पुढं नेलं.

ज्योत्स्ना मुकाट्यानं दगड लावू लागली. गार दगड, कोवळं ऊन, शेजारी तो. तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय ठरवलं माय? पाहुणे वाट पाहून राह्यले."

तिनं प्रज्वलकडं पाहिलं. तो हातातला स्वच्छ दगड उगाच पुसत होता. तिला एकदम हसू आलं, आणि छातीवरचं ओझं उतरलं.

"आई, त्यायले नाही म्हण. आल्यावर बोलू."

तिनं फोन ठेवला. मग तो हळूच म्हणाला, "माह्या आई-बाबायले घेऊन आसेगावले येऊ का... चालन?"

 तिनं छपराचा दगड ठेवला आणि दारासाठी फट सोडली.

"दार तिकडं काहून?" त्यानं विचारलं. "रस्ता त इकडं हाय."

"आसेगाव तिकडं हाय," ती दरीपलीकडं बोट दाखवत म्हणाली. "सासरच्या दारातून माहेर दिसायले पाह्यजे का नाही?"